तुरट फळ आणि काचेची बशी

मुलांनो, समुद्रकिनाऱ्यावर गेलात की तुम्हांला बादामियेचे झाड दिसते. त्याची पाने रुंद असतात आणि फांद्या आडव्या पसरलेल्या असतात. त्याच्या कच्च्या फळाचा गर चाटून पाहिला तर जीभ कोरडी पडते, तोंड आवळल्यासारखे होते. या चवीला तुरट म्हणतात.

बादामियेचा एक भाऊबंद भारतात सह्याद्रीच्या डोंगरात वाढतो. त्याचे नाव हिरडा. जुन्नर, भीमाशंकर या भागांतील आदिवासी लोक हिरड्याची कोवळी फळे गोळा करतात आणि उन्हात वाळवून विकतात. या कोवळ्या फळांना बाळहिरडा म्हणतात. हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा चूर्ण होते. तुमच्या आजीला विचारा, तिला ते नक्की ठाऊक असेल.

हिरडा रोगजंतूंना रोखतो का? हे कसे शोधतात ते पाहू.

जंतू फार लहान असतात. एक हजार जंतू ओळीने ठेवले तरी ती ओळ जेमतेम एक मिलिमीटर भरेल! मग ते मेले की जगले हे कसे कळणार? त्यासाठी शास्त्रज्ञ काचेच्या पसरट बशीत जेलीसारखा थर ओततात. ही जेली समुद्रातील शेवाळापासून मिळते. तिच्यात जंतूंचे खाद्य मिसळलेले असते. या थरावर जंतू सारखे पसरतात.

आता अर्क हवा. हिरड्याची वाळलेली साल कुटतात, पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवतात आणि गाळतात. गाळलेले पाणी म्हणजे अर्क. कागदाची ६ मिलिमीटर रुंदीची गोल चकती अर्कात बुडवून बशीत ठेवतात. शेजारी दुसरी चकती ठेवतात. तिच्यात हिरडा नसतो, नुसते अल्कोहोल असते. ही चकती कशाला? अल्कोहोलनेही जंतू मरतात, म्हणून. ती नसेल तर काम कोणी केले हे कसे सांगणार?

बशी ३७ अंश सेल्सियस उष्णतेत, म्हणजे आपल्या शरीराएवढ्या उबेत, एक दिवस ठेवतात. दुसऱ्या दिवशी जेलीवर जंतूंचा धुरकट थर वाढलेला दिसतो. पण अर्काच्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ असेल, तर तेथे जंतू वाढू शकले नाहीत. मग पट्टीने ते वर्तुळ मोजतात. गळवात पू करणाऱ्या आणि दात किडवणाऱ्या काही जंतूंवर हिरड्याच्या अर्काने असे वर्तुळ दाखवले आहे. मात्र प्रत्येक जंतूपुढे ते सारखे नसते.

हे होते कसे? हिरड्यात टॅनिन नावाचे द्रव्य भरपूर असते. टॅनिन प्रथिनांना चिकटते. तुमच्या लाळेतील प्रथिनांना ते चिकटले, म्हणून जीभ कोरडी पडली. जंतूंच्या अंगातही प्रथिने असतात. त्यांना टॅनिन चिकटले की त्यांचे काम अडते. जनावरांचे कातडे टिकाऊ करण्यासाठी लोक हिरडा वापरत आले आहेत, तेही याच गुणामुळे.

मग ताप आला की हिरडा खाऊन चालेल का? नाही! घर धुण्याच्या जावेलभोवतीही बशीत मोठे वर्तुळ पडेल, पण जावेल कोणी पीत नाही. बशीत अर्क थेट जंतूंवर पडतो. पोटात गेल्यावर तो अन्नात मिसळतो, पातळ होतो, पचतो. जंतूंपर्यंत किती पोहोचेल, हे बशी सांगत नाही. गुडघा खरचटला तर तो साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा, मोठ्यांना दाखवा. पू झाला तर डॉक्टरांकडे जा.

शास्त्रज्ञही वर्तुळ मोजून थांबत नाहीत. अर्कातील द्रव्ये ते एकेक करून वेगळी काढतात आणि प्रत्येकासाठी नवी बशी मांडतात.