कोलासुराचे मूळ गाव कोणते?

नवेगावबांधच्या तलावाभोवतीच्या टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात. त्यांतल्या एका टेकडीवर कोलासुराचे ठाणे आहे. नावात असुर असला तरी हा राक्षस नव्हे. हा कोलू पाटील, जातीने कोहळी. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याने हा तलाव बांधला, असे जुने गॅझेटियर सांगते. बांध घालताना सातही बहिणी त्याच्या मदतीला धावल्या, असे गाव सांगते. तलावाचा घेर १७ मैल आणि सरासरी खोली ४० फूट अशी ब्रिटिश काळातली नोंद आहे. एवढे पाणी अडवणाऱ्या माणसाला लोकांनी देव केले, यात नवल नाही. नवल याचे, की त्याचे पूर्वज कुठून आले हे त्याच्या जातभाईंनाही एका तोंडाने सांगता येत नाही.

नवेगावबांध आज गोंदिया जिल्ह्यात आहे. १९९९ पर्यंत ते भंडारा जिल्ह्याचा भाग होते आणि कोहळ्यांच्या लेखी ही सीमा फारशी खरी नाही. साकोली, लाखनी, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव, आणि तिथून खाली चंद्रपूरच्या बाजूला, असा हा एकच तलावांचा मुलूख. गावांची नावेच बघा : नवेगावबांध, सिरेगावबांध, शिवनीबांध. एरवी गावाच्या नावामागे खुर्द-बुद्रुक लागते, इथे बांध लागतो.

१९११च्या जनगणनेत कोहळी जेमतेम २६ हजार होते. पाच वर्षांनी, १९१६ साली, रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरचा ग्रंथ निघाला. त्यात या चिमूटभर जातीला मोठ्या तलावांचे कर्ते म्हणून मान मिळाला, पण त्यांच्या मुळाविषयी मात्र संशय नोंदवला गेला. त्या संशयाला तीन तोंडे होती : बनारस, तेलंगण आणि समुद्रकिनारा.

आधी बनारस. कोहळ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कथा अशी, की चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, एक गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथली शेती-पाण्याची कामे पाहून भारावला आणि येताना ती कामे जाणणारी माणसे बरोबर घेऊन आला. भंडाऱ्याकडचे कोहळी त्यात एक टप्पा जोडतात. पहिली वस्ती लांजीला झाली म्हणतात. लांजी आज मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात आहे. या कथेच्या बाजूने एक पुरावा दिला जाई : उत्तरेत कोइरी नावाची भाजीपाला पिकवणारी जात आहे आणि तिच्या नावाची कोहिरी, कोहली अशी रूपेही तिकडे चालतात.

नावसाम्य एवढेच. बाकी सगळे कथेच्या विरुद्ध जाते. भाषेची कसोटी रसेल-हिरालाल यांनीच लावली आणि ती आजही पटण्यासारखी आहे. शेजारच्याच पोवार समाजाचे उदाहरण घ्या. पोवार माळव्यातून, धारच्या बाजूने, वैनगंगेच्या खोऱ्यात आले. इथे त्यांची कित्येक पिढ्यांची शेती झाली, तरी तुमसर-मोहाडीच्या बाजूला, गोंदिया-बालाघाटात पोवारी बोली अजून घराघरात ऐकू येते. माणूस शेत बदलतो, पागोटे बदलतो. आजीच्या तोंडची भाषा इतक्या सहजी जात नाही. कोहळ्यांच्या घरात मात्र उत्तरेची म्हणावी अशी बोली नाही. ते बोलतात मराठी, तीही झाडीपट्टीतली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी ज्या झाडीबोलीचा आयुष्यभर ध्यास घेतला, तीच. लग्नाच्या रीती आणि कुळांची नावे यांतही ते कुणब्यांच्या अगदी जवळ आहेत.

दुसरी दिशा दक्षिणेची. १८६०च्या दशकात चांद्याचा जमीनमहसुली बंदोबस्त करणाऱ्या लुसी स्मिथ या अधिकाऱ्याला तिकडच्या कोहळ्यांनी सांगितले, की आमचे वाडवडील दक्षिणेतून आले. म्हणजे एकाच जातीची माणसे भंडाऱ्यात काशीकडे बोट दाखवत होती आणि चांद्यात दक्षिणेकडे! त्यांची पागोटी बांधण्याची पद्धत तेलुगू मुलखातून आलेल्या गांडली तेल्यांसारखी होती, हा दक्षिणेच्या बाजूचा एक पुरावा. पागोटी आता गेली. आडनावे उरली आहेत, आणि त्यांत एक आडनाव तर या सगळ्या वादालाच पोटात घेऊन बसले आहे : काशिवार. पुढचा अर्धा भाग ऐकताना बनारस आठवते. मागचा ‘वार’ मात्र पूर्व विदर्भात तेलुगू मुलखाच्या शेजारामुळे जागोजाग ऐकू येणारा, डोंगरवारमध्येही असलेला. आडनाव म्हणजे सातबारा नव्हे, त्यावरून कोणाचे मूळ सिद्ध होत नाही. तरी साकोलीच्या बाजारात ते कानावर पडले की मन क्षणभर थबकतेच.

तिसरी दिशा सर्वांत अनपेक्षित. भंडाऱ्यापासून अरबी समुद्र जवळजवळ सगळा महाराष्ट्र ओलांडल्यावर येतो. तरीही रसेल-हिरालाल यांचा कौल पडला तो मुंबई इलाख्यातल्या कोळ्यांच्या बाजूने. कोहळी ही कोळ्यांचीच एक दूरची शाखा असावी, हा तर्क त्यांना जास्त संभवनीय वाटला. आधार असा, की इलाख्यात काही ठिकाणी कोळी शेतीकडे वळले होते. साताऱ्यात तर त्यांची कुणब्यांशी ऊठबस होती. कोळी आणि कोहळी यांत काय तो एका ‘ह’चा फरक.

या तर्कातली ओढ समजते, तो पटत मात्र नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात मासेमारी करतात ते ढिवर. तलाव बांधणारा कोहळी, त्यातली मरळ आणि शिंगी धरणारा ढिवर, ही वाटणी पक्की आहे. कोहळ्याची ओढ पाण्यातल्या मासळीकडे नाही, पाण्याखाली भिजणाऱ्या जमिनीकडे आहे. त्याला हवा धान, आणि त्याहून हवा ऊस. किनाऱ्यावरून निघालेली जात इतक्या पाण्याच्या काठी येऊन बसते आणि जाळे तेवढे शेजाऱ्याच्या हाती देते, हे मनाला पटत नाही.

 

कोहळ्यांच्या कथा एकमेकींशी जुळत नाहीत, पण मौखिक कथा नेहमी खोट्याच निघतात असे नाही. खऱ्या किनाऱ्यावरचे उदाहरण अलिबागजवळच्या नौगावचे. तिथे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांना किनाऱ्यावर पुरले, आणि त्या सात जोडप्यांपासून आपण झालो, असे कोकणातले बेने इस्रायल ज्यू सांगत आले. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी समाजाचा इतिहास लिहून ठेवला. पुस्तक निघाले ते मात्र १९३७ साली, तेल अवीवला. पुढे २०१६ मध्ये जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या समाजाच्या रक्तात ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही अंश भरपूर सापडले आणि हा मिलाफ साधारण साडेसहाशे ते एक हजार वर्षांपूर्वीचा असावा असे अनुमान निघाले. गलबताचा आणि सात जोडप्यांचा दाखला कोणत्याही रक्ततपासणीत मिळणार नाही. कथेचा गाभा मात्र टिकला.

कोहळ्यांनी मागचा धागा कागदात शोधायचा ठरवला, तर तो फार लवकर तुटतो. जात पडताळणीसाठी भंडाऱ्यातली माणसे तहसिलीतून कोतवाल बुकाची नक्कल काढतात. गावच्या कोतवालाने ठेवलेली ही जन्म-मृत्यूची वही. पिवळ्या पडलेल्या पानावर पणजोबाचे नाव सापडले की घरात आनंद होतो, मुलाचा प्रवेश मार्गी लागतो. त्यामागे जायचे तर बंदोबस्ताची मिसल. इंग्रजांचा पहिला नियमित बंदोबस्त १८६०च्या दशकातला. कोलू पाटील त्याच्याही दीडशे वर्षे आधीचा.

मग उरतात तलावच. बनारसच्या कथेतला गोंड राजा त्यांच्यापाशी खरा ठरतो. चांद्याच्या गोंडराज्यात तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन मिळे. त्या देणगीला तुकूम म्हणत, आणि चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीचे नाव आजही तुकूम आहे. राजा हीरशाहचे नाव या धोरणाशी जोडले जाते. अशा करारावर माणूस जिवाचे रान करील नाही तर काय! दोन टेकड्या जिथे जवळ येतात ती जागा हेरायची, मधे मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडुम बसवायचे, आणि वरच्या तलावातून सुटलेले पाणी खालच्या बोडीने धरायचे. नुसत्या नजरेने साधलेली पाण्याची ही पातळी पाहून इंग्रज बंदोबस्त अधिकारीही थक्क झाले होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव मोजले जातात. ते सगळे कोहळ्यांचे नव्हेत. मोठ्यांतले पुष्कळ मात्र त्यांचेच.

हे पाहिल्यावर एक शक्यता मनात घर करते. इंग्रज अधिकारी विचारत होते, ही जात कुठून आली. पण जात आधी आणि धंदा नंतर, असेच घडले असेल कशावरून? तुकुमाच्या ओढीने काही घरे दक्षिणेतून चढून आली असतील, काही लांजीकडून उतरली असतील, बरीचशी इथलीच कुणबी असतील. पाळ घालायला एकत्र आली, एकमेकांत सोयरिकी झाल्या, आणि बांधावरच त्यांची जात जमली. भंडाऱ्याची कथा वेगळी आणि चांद्याची वेगळी का, याचा उलगडाही मग होतो. दोन्ही ठिकाणी माणसे आपापल्या आजोबांविषयी खरे बोलत असतील.

१९५१ साली मालगुजारी, म्हणजे पाटलांची गावमालकी, गेली, तलाव सरकारजमा झाले. पाळीची माती कोणी टाकायची, तुडुम कोणी उघडायचे, हे ठरवणारा पाटील राहिला नाही. पुष्कळ तलाव गाळाने भरले. आता काही गावांत ढिवरांच्या मच्छीमार संस्था पुढे होऊन तलावातले बेशरमाचे तण उपटतात, देशी मासळीला लागणाऱ्या पाणवनस्पती परत लावतात. कोलू पाटलाने अडवलेल्या पाण्याची राखण, मासळीच्या निमित्ताने का होईना, त्यांच्याकडे आली आहे.