नुसते नाव घेतले तर…

इंटरप्रिटर म्हणजे आज्ञावली वाचून ती तिथल्या तिथे अमलात आणणारा प्रोग्राम. कोणती फाइल चालवायची हे न सांगता त्याला नुसते नावाने बोलावले तर त्याने काय करावे, हा प्रश्न किरकोळ वाटला, तरी ती भाषा नवशिक्याचा किती विचार करते हे त्याच्या उत्तरावरून कळते. गीडो व्हान रॉसम यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायथॉन या भाषेत, टर्मिनलवर म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, नुसते नाव दिले की >>> ही खूण उमटते आणि संवाद सुरू होतो. या खुणेला प्रॉम्प्ट म्हणतात, तर एक ओळ लिहून तिचे उत्तर लगेच पाहण्याच्या या पद्धतीला इंटरॲक्टिव्ह मोड.

तिथे 0.1 + 0.2 लिहून एंटर दाबले, तर 0.30000000000000004 असे उत्तर येते, कारण संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि 0.1 ही संख्या त्या पद्धतीत नेमकी बसत नाही. हीच ओळ फाइलमध्ये एकटी लिहून चालवली, तर पडद्यावर काहीच उमटत नाही. शिकणाऱ्याला प्रश्न पडतो तो उत्तर समोर दिसल्यामुळे, आणि शिक्षणाची खरी सुरुवात तिथूनच होते.

पर्ल किंवा रूबी या भाषांच्या इंटरप्रिटरना असेच बोलावले, तर ते प्रॉम्प्ट न दाखवता संपूर्ण प्रोग्रामची मुकाट्याने वाट पाहतात, आणि नवख्याला वाटते की संगणक अडकला. रूबीशी संवाद साधायचा तर आयआरबी हा वेगळा प्रोग्राम ठाऊक असावा लागतो. या मौनामागे युनिक्स या कार्यप्रणालीची परंपरा आहे, जिच्यात एका प्रोग्रामचे फलित दुसऱ्याला पुरवले जाते आणि मध्ये कोणी बोलून चालत नाही. परंतु पायथॉन सुरू होताना मजकूर टर्मिनलवरून येतो आहे का, हे तपासतो, आणि तो फाइलमधून किंवा दुसऱ्या प्रोग्रामकडून येत असेल तर तोही गप्प राहून काम करतो. म्हणजे माणूस आणि यंत्र या दोघांचीही सोय साधता येते.

जाणकाराला हवा तो पर्याय निवडता येतो, नवख्याच्या वाट्याला मात्र न मागता मिळणारे वर्तनच येते, म्हणून ते संवादाचेच असावे. हाच विचार बाहेर पडण्यालाही लागू होतो: पायथॉनमध्ये पूर्वी कंसांशिवाय नुसते 'एक्झिट' टंकणाऱ्याला बाहेर कसे पडावे याची सूचना मिळे, पण बाहेर पडता येत नसे. ऑक्टोबर 2024 मधल्या 3.13 या आवृत्तीपासून तेवढ्याने बाहेर पडता येते.