सुटींतील उमेदवारी आणि मेक्सिकोचा धडा

आमच्या शाळेंतून उत्तीर्ण होऊन महाविद्यालयांत गेलेले विद्यार्थी भेटावयास येतात, तेव्हां अलीकडे त्यांच्या बोलण्यांत एक नवा विषय वारंवार निघूं लागला आहे. उन्हाळ्याच्या सुटींत चार मित्रांनीं मिळून परदेशीं जावयाचें, तेथील एखाद्या कारखान्यांत, प्रयोगशाळेंत, शेतावर अथवा सेवासंस्थेंत सहा-आठ आठवडे काम करावयाचें, आणि अनुभवाचा दाखला घेऊन परत यावयाचें. इंग्लंड-अमेरिकेचीं नांवें आपल्या सवयीचीं आहेत. परंतु कोणी मेक्सिकोचें नांव काढलें कीं घरांतील वडील माणसें बुचकळ्यांत पडतात. "तेथें जाऊन शिकावयाचें तरी काय?" असा त्यांचा प्रश्न असतो. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील बहुतेक पालक रोज लोकलगाडीनें मुंबईस जाऊन-येऊन संसार चालविणारे. त्यांच्याच शिलकेंतून हा खर्च व्हावयाचा. तेव्हां प्रश्न रास्त आहे आणि त्याचें उत्तर नीट दिलें पाहिजे. तें देण्याचा आम्हीं येथें यत्न करतों.

इंग्रजींत ज्यास 'इंटर्नशिप' म्हणतात त्यास आपल्या भाषेंत 'उमेदवारी' हा जुना आणि नेमका शब्द आहे. सोनाराच्या दुकानांत, छापखान्यांत अथवा वकिलाच्या कचेरींत उमेदवार राहिलेला मुलगा प्रथम झाडलोट करी, निरोप पोंचवी, आणि कसबी माणसाचा हात कसा चालतो हें शेजारीं बसून पाही. पुढें एके दिवशीं तें काम त्याच्या हातीं येई. पुस्तक आपणांस वस्तु काय आहे हें सांगतें. ती कशी करावी हें कसबी माणसाच्या शेजारीं बसल्यावांचून कळत नाहीं. परदेशांतील उमेदवारी हीहि कांहीं अगदीं नवी गोष्ट नव्हे. तांत्रिक विषयांच्या विद्यार्थ्यांची सुटीपुरती अदलाबदल करणारी 'आयेस्टे' ही संस्था लंडन येथें १९४८ सालीं स्थापन झाली. महायुद्धानें दुभंगलेल्या जगांतील तरुणांनीं एकमेकांच्या कारखान्यांत जाऊन काम शिकावें, हा तिचा हेतु होता.

आतां मेक्सिकोच कां, हें पाहूं. त्यासाठीं प्रथम आपल्याच स्वयंपाकघरांत डोकावावें. मिरची आणि मका हीं पिकें मेक्सिकोंतील लोकांनीं हजारों वर्षांपूर्वीं रानांतून शेतांत आणिलीं. टोमॅटो हें नांव तर तेथील नाहुआत्ल भाषेंतूनच निघालें आहे. २०१४ सालीं पालघर हा निराळा जिल्हा होईपर्यंत आपल्या ठाणें जिल्ह्याचें भूषण असलेला डहाणू-घोलवडचा चिक्कू, तोहि मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिका या बाजूचाच. अमेरिका खंडांतील अशीं कितीतरी पिकें पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरलीं. १७३७ सालीं मराठ्यांनीं घेईपर्यंत ठाणें हें पोर्तुगीजांच्याच ताब्यांत होतें. त्यांची भाषा आणि मेक्सिकोंत चालणारी स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. म्हणून आपला 'पगार' आणि दाराची 'बिजागरी' हे शब्द मेक्सिकोंत थोड्याशा निराळ्या वेषांत पुन्हां भेटतात. जो देश आपल्या ताटांत इतका आला आहे त्यास अगदींच परका म्हणतां येणार नाहीं.

परंतु जिन्नस आला म्हणजे त्याबरोबर विद्याहि आली, असें मात्र नव्हे. याविषयीं मक्याचें उदाहरण फार बोधप्रद आहे. सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वीं दक्षिण मेक्सिकोंत 'तेओसिंते' नांवाच्या रानगवतापासून निवड करीत करीत तेथील लोकांनीं मका सिद्ध केला. तेथील गृहिणी मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यांत शिजविते, रात्रभर तसेच राहूं देते, सकाळीं धुऊन त्यांचीं सालें काढते, आपल्या पाट्यासारख्या दगडावर ते वाटते आणि त्या ओल्या पिठाची पातळ भाकरी तव्यावर भाजते. हीच त्यांची 'तोर्तिया'. कोलंबसाच्या सफरींनंतर मका युरोपांत गेला. बियाणें जहाजांत चढलें. चुन्याची कृति मात्र मागेंच राहिली. मक्यांतील नियासिन हें जीवनसत्त्व दाण्यांत असें जखडलेलें असतें कीं, चुन्याच्या संस्कारावांचून तें शरीरास पुरेसें मिळत नाहीं. त्यामुळें स्पेन, उत्तर इटली आणि पुढें संयुक्त संस्थानांचा दक्षिण भाग येथें मक्यावरच गुजराण करणाऱ्या गोरगरिबांना 'पेलाग्रा' या रोगानें घेरलें. त्यांची कातडी फाटे, पोट बिघडे, बुद्धि भ्रमे आणि कित्येकांस मृत्यु येई. ज्या देशांत हें धान्य जन्मलें तेथील खेडुतांस मात्र हा रोग क्वचितच होई. मेक्सिकोंत शिपाई गेले, व्यापारी गेले, अधिकारी गेले. परंतु त्या बाईच्या चुलीपाशीं उमेदवार म्हणून कोणी बसलें नाहीं. धान्य पोत्यांत भरून नेतां येतें, पण हातची विद्या माणसाबरोबरच जाते. परदेशीं जाऊन काम शिकण्याचें सर्व समर्थन, आमच्या मतें, या एका गोष्टींत सांठविलेलें आहे.

याची दुसरी बाजूहि आपल्याच एका मराठी माणसानें दाखविली आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे विसाव्या शतकाच्या आरंभीं मातृभूमीच्या मुक्ततेचा ध्यास घेऊन देशाबाहेर पडले. जपानमार्गे ते अमेरिकेस पोंचले, आणि पडेल तें काम करून पोट भरीत ओरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत शेतकीचें शिक्षण त्यांनीं घेतलें. १९१३ सालीं उभ्या राहिलेल्या गदर पक्षाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. पहिल्या महायुद्धांत इराणच्या रानावनांत इंग्रजांशीं लढल्यावर त्यांस मायदेशाचीं दारें बंद झालीं. तेव्हां, १९२४ च्या सुमारास, ज्या देशानें त्यांस आसरा दिला तो देश मेक्सिको. विद्यार्थिदशेंत मेक्सिकोच्या क्रांतिकारकांशीं जुळलेला स्नेह तेथें त्यांच्या उपयोगीं पडला, आणि चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयांत ते अध्यापक झाले.

तेथें त्यांनीं काय केलें तें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. त्यांनीं मका, गहूं, कडधान्यें इत्यादि पिकांवर संशोधन केलें; लागवडीच्या मक्याचा त्याच्या रानटी भाऊबंदाशीं, म्हणजे त्या तेओसिंतेशीं, संकर करून पाहिला. परंतु प्रयोगशाळेवर ते थांबले नाहींत. गरीब शेतकऱ्यांना व त्यांच्या मुलांना सुधारलेली शेती विनामूल्य शिकविण्यासाठीं त्यांनीं खेड्यांतून 'मुक्त कृषिशाळा' काढल्या. त्यांच्या मक्याच्या कणसांचीं छायाचित्रें तीना मोदोत्ती या नामांकित छायाचित्रकर्तीनें काढलीं. दिएगो रिवेरा या थोर चित्रकारानें मेक्सिको शहरांतील शिक्षणखात्याच्या भिंतीवर 'आमची भाकर' या अर्थाच्या नांवाचें चित्र रंगविलें. त्यांत मेजाभोंवतीं जमलेल्या कष्टकऱ्यांमध्यें बसून भाकरी मोडणारा पुरुष खानखोज्यांच्या रूपांत दाखविला आहे. परक्या देशानें आपल्या पाहुण्यास याहून मोठा मान काय द्यावा! स्वातंत्र्यानंतर ते मायदेशीं परतले, आणि २२ जानेवारी १९६७ रोजीं नागपुरांत निवर्तले. चापिंगो येथें त्यांचा पुतळा २०२२ सालीं उभारला गेला.

या देवघेवीचा ओघ पुढेंहि थांबला नाहीं. नॉर्मन बोर्लॉग यांनीं मेक्सिकोंत सिद्ध केलेल्या बुटक्या गव्हाचें सुमारें १८,००० टन बियाणें भारतानें १९६६ सालीं आणविलें. त्याच वर्षीं मेक्सिकोंत मका व गहूं सुधारण्याचें आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन झालें. देशोदेशींच्या तरुण शास्त्रज्ञांना तेथें शिक्षण मिळूं लागलें, आणि त्यांनीं स्वतः शेतांत उतरून हात मातीनें माखावे असा बोर्लॉग यांचा आग्रह असे. मेक्सिकोच्या वाणांपासून आपल्याकडे निघालेल्या एका प्रसिद्ध गव्हाचें नांव 'कल्याणसोना' असें आहे. आमच्या कल्याणच्या वाचकांस अभिमान वाटण्यापूर्वीं सांगितलेलें बरें कीं, हें कल्याण म्हणजे पंजाबांतील एक गांव होय! तथापि त्या गव्हाची पोळी आपल्या कल्याणांतहि कित्येकांनीं खाल्ली असेल.

आतां मित्रांविषयीं. चौघे मिळून गेल्यानें खर्च वांटला जातो, आजारपणांत सोबत होते आणि आईबापांच्या जिवास घोर लागत नाहीं. हे लाभ लहान नव्हेत. परंतु चौघेहि एकाच खोलींत राहून, मराठींतच बोलून, आपलेंच जेवण शिजवून परत आले, तर त्यांनीं डोंबिवली सोडली असें कोणीं म्हणावें? कल्याण ही ज्यांची जन्मभूमि त्या डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८३ सालीं एकोणिसाव्या वर्षांत पदार्पण करून एकट्याच अमेरिकेस गेल्या. तेथें कार्पेंटरबाईंच्या घरीं त्यांस मावशीची माया मिळाली. फिलाडेल्फियाच्या वैद्यक महाविद्यालयांत जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लांबुली या त्यांच्या सहाध्यायिनी होत्या. १० ऑक्टोबर १८८५ रोजीं आपापल्या देशाच्या पोषाखांत काढलेलें त्या तिघींचें छायाचित्र आजहि पाहावयास मिळतें. घरून सोबत न्यावी, पण तेथें मैत्री जोडावयास विसरूं नये.

शेवटीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारें २,२४० मीटर उंचीवर आहे. पहिले कांहीं दिवस चढणीवर दम लागतो. जून ते सप्टेंबर हा तेथेंहि पावसाळाच असतो, म्हणून सुटी उन्हाळी असली तरी छत्री व गरम कपडा बरोबर असावा. ठाण्यांत सायंकाळचे सहा वाजतात तेव्हां तेथें त्याच दिवसाचे सकाळचे साडेसहा झालेले असतात. आईस फोन करतांना हा हिशेब विसरूं नये. निघण्यापूर्वीं तीन महिने तरी स्पॅनिशचा अभ्यास करावा, कारण दुकानदार, शेतकरी आणि कारागीर यांच्याशीं इंग्रजीनें फारसें काम भागत नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, पैसे भरण्यापूर्वीं तीन प्रश्नांचीं उत्तरें लेखी मागावीं. काम नेमकें कोणतें? शिकविणारा कोण? राहण्या-जेवण्याचा खर्च कोणाचा? ज्या संस्थेच्या दारीं काम करावयाचें तिच्याशीं स्वतः पत्रव्यवहार करावा, आणि प्रवेशपत्राचे नियम दिल्लीच्या मेक्सिकन वकिलातींतून समजून घ्यावे. केवळ दाखला विकणारे मध्यस्थहि बाजारांत आहेत. त्यांच्यामार्फत गेलेला मुलगा पर्यटन करून येतो, आणि बापाचें कर्ज तेवढें मागें राहतें.

जे जाऊं शकणार नाहींत त्यांनीं खिन्न होण्याचें कारण नाहीं. वागळे इस्टेटींतील कारखाना, शहापूर-मुरबाडकडील शेत आणि गांवचें रुग्णालय येथेंहि उमेदवारी करतां येते, आणि ती ज्यानें मन लावून केली तोच परदेशीं गेल्यावर कांहीं शिकतो. आणि जो जाऊन येईल त्याच्या पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, त्याचा दाखला मागाहून पाहावा, आधीं त्यास विचारावें, "तुला जातांना येत नव्हतें असें आतां तुझ्या हातास काय करतां येतें, आणि तें तूं येथें कोणास शिकविणार आहेस?"