‘मूल जेवत नाही’ : अग्निमांद्य की उपयोगसंस्थेचा भंग?

‘डॉक्टरसाहेब, पोरगं जेवतच नाही, भूक लागायचं औषध द्या,’ ही मागणी नागपुरातील चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांतही नित्याची झाली आहे. अशा वेळी अरविंदासव अथवा एखादे दीपन-पाचन चूर्ण देऊन पालकांची बोळवण करणे सोपे असते. परंतु बालक जेवताना काय पाहत असते, हे विचारल्यावाचून केलेले निदान अपुरे होय, असे आमचे मत आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आठ आहारविधिविशेषायतने वर्णिली आहेत. त्यांपैकी प्रकृती, करण, संयोग व राशी यांविषयी आपण पालकांशी आवर्जून बोलतो. उपयोगसंस्था व उपयोक्ता ही अखेरची दोन मात्र बहुधा राहून जातात. मन जेवणात ठेवावे, फार घाई वा फार रेंगाळणे करू नये, हा विधी तेथेच आला आहे. मोबाईलपुढे बसलेले मूल एक घास कितीतरी वेळ गालात धरून ठेवते, किंवा वाटीभर शेव केव्हा संपली हे त्यास कळत नाही.

आपल्या आज्याही काऊ-चिऊचे घास सांगून मुलांना गुंतवीतच होत्या, असा आक्षेप काही पालक घेतात. तो अगदीच निराधार नाही. परंतु आजीची दृष्टी मुलाच्या मुखाकडे असे. त्याने मान फिरविली की तिला पोट भरल्याचे कळे. (कळूनही ती आणखी दोन घास भरवीत असे, हे खरेच!) पडद्यास मुलाची भूकही दिसत नाही आणि तृप्तीही दिसत नाही.

दुसरी बाब अध्यशनाची. सायंकाळी पडद्यासमोर बिस्किटे, कुरकुरे खाल्लेल्या मुलास रात्री आठ वाजता वरण-भात नकोसा वाटला, तर ते अग्निमांद्य नव्हे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, खाद्यपदार्थांच्या जाहिराती असलेले कार्टून पाहणाऱ्या मुलांनी इतर जाहिराती पाहणाऱ्यांपेक्षा ४५ टक्के अधिक खाऊ खाल्ला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली. त्याहून लहान वयात, विशेषतः पहिल्या वर्षात, पडदा नकोच, असे तिचे म्हणणे आहे.

तथापि हा सर्व दोष पालकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. ओकसात्म्य घरातच घडते आणि घरे एकसारखी नसतात. बेसा-मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आईवडील दोघेही नोकरीस जातात, आजी-आजोबा काटोल-उमरेडकडे राहतात, आणि मुलास भरविण्याचे काम मोबाईलवर येते. वस्तीतील एका खोलीच्या घरात टीव्ही आणि ताट एकाच ठिकाणी असते. तेथे ‘वेगळ्या खोलीत जेवा’ हा सल्ला निरर्थक होय. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दुपारी मुलास मैदानावर पाठविता येत नाही, ते कूलरसमोर पडद्याशीच राहते. ग्रीष्मात भूक मुळातच मंदावते, हे पालकांस सांगितले तरी निम्मी चिंता ओसरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मधील १.९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाले. त्याच वेळी ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. ही दोन्ही बालके आपल्याच दारी येतात, आणि दोघांसाठीही ‘भुकेचे औषध’च मागितले जाते.

म्हणून इतिवृत्त घेताना मुलास कोण भरविते, कोठे व कशापुढे, आणि दोन जेवणांच्या मध्ये त्याच्या पोटात काय जाते, हे विचारावे. सल्ला घराला झेपेल असा असावा: निदान रात्रीच्या जेवणापुरता पडदा बंद, मोठ्यांचाही, मधला खाऊ एकदाच, ठरल्या वेळी, हंगामात संत्रे किंवा मुरमुऱ्याचा चिवडा. पंधरा दिवसांनी पुन्हा वजन पाहावे. औषधी विक्रेत्यांनी वय, वजन आणि ताप, पांडुत्व अथवा कृमींची लक्षणे विचारावीत. वजन घटत असल्यास बाटली न देता मुलास वैद्यांकडे पाठवावे.