काखेत कळसा : मुंडगोडचे आपले तिबेटी शेजारी



परदेशी जाऊन निर्वासितांमध्ये इंटर्नशिप करावी आणि जमल्यास चार स्थळेही पाहून घ्यावीत, अशी इच्छा आपले काही माजी विद्यार्थी बोलून दाखवतात. इच्छा चांगलीच आहे. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा असे होऊ नये. जुन्या हुबळीपासून सुमारे ५० किलोमीटरवर, उत्तर कन्नड जिल्ह्यात, मुंडगोडची तिबेटी वसाहत आहे. परदेशी पाहुण्याला तेथे राहायचे तर केंद्र सरकारची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. आपण सकाळच्या बसने जाऊ शकतो.

निर्वासित म्हणजे कोण? आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज नोकरी-व्यापारासाठी हुबळीत आले. ते स्थलांतरित. मनात आले की आपण गावी जाऊन येतो. निर्वासिताने मात्र धर्म, वंश किंवा राजकीय मतामुळे होणाऱ्या छळाच्या भीतीने देश सोडलेला असतो. परतीची वाट त्याला मोकळी नसते.

मार्च १९५९ मध्ये ल्हासातील उठाव चीनने मोडून काढला. दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. अनेकांनी प्रथम हिमालयात रस्त्यांच्या कामावर मजुरी केली. पुढे तत्कालीन म्हैसूर राज्याने जमीन दिली आणि १९६६ मध्ये मुंडगोडची वसाहत उभी राहिली. थंड पठारावरच्या या माणसांनी येथील उन्हात जंगल साफ करून मका पिकवला.

सहलीला गेलेल्यांचे लक्ष प्रथम ड्रेपुंग आणि गंडेन या मठांकडे जाते. मूळ मठ तिबेटातले. त्यांची परंपरा येथे नव्याने उभी केली आहे. आमच्या मुलांना सर्वांत आवडला तो भिक्षूंचा वादविवाद. उत्तर देणारा खाली बसतो, प्रश्न विचारणारा उभा राहून जोराने टाळी वाजवतो आणि प्रश्न टाकतो. तोंडी परीक्षेला घाबरणारी आमची मुले ते पाहून थक्क झाली! मठात जाताना पादत्राणे बाहेर काढावीत, प्रार्थनाचक्र उजवीकडे फिरवावे आणि विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये.

पण स्थलदर्शन वेगळे आणि सोबत वेगळी. वृद्धाश्रमात आमच्या एका विद्यार्थ्याने एका आजोबांना सहज विचारले, "तुम्ही गावी कधी जाता?" आजोबा हसले आणि स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाले, "वाट बंद आहे, बाळ." मुलगा ओशाळला. परतताना बसमध्ये तो फारसा बोलला नाही. आमच्या मते त्या दिवशीचा खरा धडा तोच होता.

कागदपत्रांचीही अडचण असते. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि त्यांच्यासाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटींना नोंदणी-प्रमाणपत्र मिळते. ते मुदतीत नवे करून घ्यावे लागते. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेले जन्माने नागरिक ठरतात. त्यानंतर जन्मलेल्यांना केवळ येथील जन्म पुरत नाही. म्हणजे आपल्याच जिल्ह्याशेजारी जन्मलेला, कन्नड बोलणारा मुलगाही कागदावर परका असू शकतो.

पालकांना विनंती अशी, की मुलांना एका दिवसाच्या सहलीवर थांबवू नका. सुट्टीत आठ-दहा दिवस जाऊन भिक्षूंशी इंग्रजी संभाषणाचा सराव करणे किंवा वृद्धांजवळ बसणे, एवढे आपल्या मुलांना सहज जमेल. मात्र वसाहतीच्या कार्यालयाला आधी विचारावे आणि त्यांना हवे तेच काम करावे. विश्वस्त मंडळाने प्रवासखर्च आणि सोबतीला एक शिक्षक एवढी सोय केली, तर पुढे परदेशी जाणारा आपला विद्यार्थी निदान कोणता प्रश्न जपून विचारावा, हे शिकून जाईल.