साहेब निघाला गावाला!

ईस्टरचा चार दिवसांचा लाँग वीकएण्ड आला की लंडनमधली तरुण मंडळी बॅगा भरून आईकडे पळतात. त्यातही गाव समुद्रकाठचं असेल तर काय, धमालच! पण जे गाव साऱ्या देशाला सुट्टी देतं, तिथल्याच पोरांना तिथे राहणं का जमत नाही?

यूकेचा क्लायंट असलेल्या ऑफिसात काम करत असाल तर हा सीन तुम्हाला नक्की माहीत असेल. मार्च किंवा एप्रिलमधला एखादा गुरुवार. दिवसभर 'अर्जंट, अर्जंट' करून डोकं खाणारी लंडनची टीम आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले की एकदम चिडीचूप! मेल टाकावा तर समोरून 'आउट ऑफ ऑफिस'चा ठोकळेबाज रिप्लाय. आता भेट थेट मंगळवारी.

कुठे जातात बुवा ही माणसं? काही जण स्वस्तातलं विमान पकडून स्पेनला पळतात, हे खरं. पण बरेच जण चक्क गावाला जातात. गणपतीत आपल्या ऑफिसातला मालवणचा पोरगा कसा रजा मिळो न मिळो, गाडीत बसलेला असतो, तसंच!

गुड फ्रायडे ते ईस्टर मंडे असे हे चार दिवस. त्यातली सोमवारची सुट्टी १८७१ च्या बँक हॉलिडेज कायद्यानं मिळाली. तो कायदा आणणारे जॉन लबक हे खासदार स्वतः बँकवालेच होते. तारीख मात्र दर वर्षी हलते, आणि त्यामागचा फंडा आपल्याला चटकन कळण्यासारखा आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची; तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो कधी होळीच्या पौर्णिमेमागोमाग येतो, तर कधी हनुमान जयंतीनंतर. २०२४ मध्ये होळी झाल्यावर ३१ मार्चला होता. २०२५ मध्ये हनुमान जयंतीनंतर आठवडाभरानं, २० एप्रिलला.

यॉर्कला गाडी बदला

इंग्लंडमध्ये कुठेही उभे राहा, समुद्र साधारण ७० मैलांच्या आत असतोच. त्यामुळे समुद्रकाठच्या गावांना तोटा नाही. ब्लॅकपूल, ब्रायटन, मार्गेट, व्हिटबी... यादी मोठी आहे. आपण त्यातलं एक घेऊ. समजा, तुम्ही स्कार्बरोचे आहात. यॉर्कशायरचा किनारा, सुमारे ६० हजार वस्ती, मध्ये टेकडीवर जुना किल्ला आणि त्याच्या दोन बाजूंना दोन उपसागर, साउथ बे आणि नॉर्थ बे.

गुरुवारी संध्याकाळी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर अख्खं उत्तर इंग्लंड उभं आहे की काय, असं वाटावं इतकी गर्दी. यॉर्कपर्यंत साधारण दोन तास. तिथे गाडी बदलायची आणि पुढे पाऊण-एक तास. त्यात गंमत अशी की रेल्वेवाले रुळांची मोठी कामं नेमकी अशाच लाँग वीकएण्डला काढतात, कारण तेव्हा ऑफिसला जाणारे नसतात. म्हणजे नशीब खराब असेल तर मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस! तरीही लोक जातात. सीमर स्टेशन गेलं की बॅगा खाली निघतात, कारण पुढचं स्टेशन आपलं.

स्कार्बरोच्या स्टेशनवर उतरलात की एक लांबच लांब लाकडी बाक दिसतो. थोडाथोडका नाही, १३९ मीटर! एके काळी सुट्टीच्या स्पेशल गाड्यांनी येणाऱ्या गर्दीला बसायला तो लागायचा. या बाकाकडे बघितलं तरी गावाचा अर्धा इतिहास कळतो.

आजाऱ्यांचं गाव, मग सुट्टीचं

या गावाचं नशीब उघडलं ते पाण्यामुळे, आणि तेसुद्धा गोड्या! १६२६ च्या सुमारास एलिझाबेथ फॅरो नावाच्या बाईला इथे कड्याखाली खनिज पाण्याचा झरा सापडला. ते पाणी प्याल्यानं दुखणी बरी होतात अशी बोलवा झाली. श्रीमंत आजारी इथे यायला लागले. पुढे समुद्रस्नानाचं खूळ आलं आणि ब्रिटनमधल्या पहिल्या सी-साइड रिसॉर्टांमध्ये स्कार्बरोचं नाव लागलं.

कादंबरीकार अ‍ॅन ब्राँटे १८४९ मध्ये हवापालटासाठी इथे आली आणि इथेच वारली. तिची कबर किल्ल्याजवळच्या चर्चच्या आवारात आहे. ती जिथे उतरली होती, त्या जागेवर पुढे १८६७ मध्ये ग्रँड हॉटेल उभं राहिलं. त्याचा थाट काय सांगावा! वर्षाच्या हिशोबानं बांधलेलं हॉटेल. ऋतूंचे ४ मनोरे, महिन्यांचे १२ मजले, आठवड्यांची ५२ धुराडी आणि दिवसांच्या ३६५ खोल्या.

रेल्वे आली १८४५ मध्ये आणि चित्रच पालटलं. आधी साहेबलोक यायचे, आता लीड्स-ब्रॅडफर्डकडचे गिरणी कामगार बायकापोरांसकट यायला लागले. गल्लीगल्लीत गेस्ट हाऊस निघाली. किनाऱ्यावर गाढवांची सवारी, साखरेच्या कांडीत गावाचं नाव कोरलेली 'रॉक', कड्यावरून खाली नेणाऱ्या केबलच्या ट्राम. त्यातली १८७५ ची ट्राम ब्रिटनमधली अशा प्रकारची पहिली!

हा सगळा जमाना दुसऱ्या महायुद्धानंतरही जोरात होता. मग १९६० आणि ७० च्या दशकात पॅकेज टूर आल्या. तेवढ्याच पैशात स्पेनचं खात्रीचं ऊन मिळायला लागलं. इथे तर एप्रिलमध्ये समुद्राचं पाणी जेमतेम ७-८ अंश. वर कधी कधी समुद्रावरून दाट धुकं आत घुसतं, त्याला इथले लोक 'फ्रेट' म्हणतात. समोरचा किल्ला दिसत नाही, अंघोळ कसली करताय!

काउंटरच्या पलीकडे कोण?

आता खरी गोष्ट. लंडनहून आलेल्यांसाठी ईस्टर म्हणजे सुट्टी. पण गावात राहिलेल्यांसाठी ती सीझनची बोहनी असते. हिवाळाभर बंद असलेली शटर वर जातात, रंगाचे हात मारले जातात, गाढवं वाळूत परत येतात, दोन पेनींच्या नाण्यांची मशिनं खुळखुळायला लागतात. चार महिने थांबलेला गल्ला या चार दिवसांत हलायला लागतो. मग सुट्टी घेणार कोण?

गुड फ्रायडेचंच बघा. या दिवशी मांस खायचं नाही, मासे खायचे, ही जुनी ख्रिस्ती चाल. चर्चला न जाणारेही ती मनापासून पाळतात. त्यामुळे 'चिप्पी'बाहेर, म्हणजे फिश अँड चिप्सच्या दुकानाबाहेर, वर्षातल्या मोठ्या रांगांपैकी एक लागते. यॉर्कशायरमध्ये मासा शक्यतो हॅडॉकच. वर मीठ, माल्ट व्हिनेगर, बाजूला हिरव्या वाटाण्याचा लगदा. आणि मागितलेत तर 'स्क्रॅप्स', म्हणजे कढईत सुटलेले बॅटरचे कुरकुरीत तुकडे. वडापावच्या गाडीवरचा चुराच म्हणा ना!

या रांगेत तुमचा नंबर लागतो. काउंटरच्या पलीकडे शाळेतला मित्र.

"अरे, कधी आलास?"

"काल रात्री."

"किती दिवस?"

"मंडेपर्यंत."

"बरं. सॉल्ट अँड व्हिनेगर?"

संपलं! मागे वीस माणसं उभी आहेत. तुम्ही पुडा घेऊन धक्क्यावर जाता, सीगलपासून चिप्स वाचवत खाता. समोर तोच समुद्र, तोच किल्ला. फक्त ज्यांच्याबरोबर इथे टाइमपास केला, ते सगळे या क्षणी कुठे ना कुठे ड्युटीवर आहेत. कुणी कॅफेत, कुणी गेस्ट हाऊसच्या चादरी बदलतंय, कुणी पार्किंग सांभाळतंय. भेट झालीच तर रात्री दहानंतर पबमध्ये, आणि तेव्हा ते दमलेले असतात. आपल्याच गावात तुम्ही गिऱ्हाईक होता आणि मित्र दुकानदार. कोकणात मे महिन्यात घरी गेलेल्यांना, ज्यांच्या वाडीत आता होम-स्टे झालेत त्यांना, हे वेगळं सांगायला नको.

अठराव्या वर्षी तिकीट

मग गाव सोडलंच का? उत्तर साधं आहे. टुरिझमचं काम बरंचसं सीझनपुरतं, पगार बेताचा. बारावीच्या तोडीच्या 'ए लेव्हल' परीक्षा झाल्या की हुशार पोरं लीड्स, न्यूकॅसल, मँचेस्टर, लंडन अशी पांगतात. डिग्री मिळते, नोकरी तिकडेच लागते. परत यायचं तर येऊन करणार काय?

हे एकट्या स्कार्बरोचं दुखणं नाही. ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या समितीनं २०१९ मध्ये समुद्रकाठच्या गावांवर खास अहवाल काढला. लांबचा प्रवास, शिक्षण, घरं आणि नुसत्या टुरिझमवरची मदार हे प्रश्न सोडवल्याशिवाय या गावांचं खरं नाही, असा त्याचा सूर होता. २०२१ मध्ये इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांनी वार्षिक अहवालच किनारपट्टीच्या आरोग्यावर लिहिला. त्यातलं चित्र असं: तरुण बाहेर जातात, निवृत्त माणसं राहायला येतात आणि ओस पडलेल्या जुन्या गेस्ट हाऊसच्या खोल्या पाडून स्वस्तात भाड्यानं दिल्या जातात. म्हणजे आजारपण जिथे जास्त, तिथे सांभाळणारे हात कमी.

हे रिपोर्टात वाचणं वेगळं आणि ईस्टर संडेला जेवणाच्या टेबलावर दिसणं वेगळं. लँब रोस्ट होतो, चॉकलेटची अंडी फुटतात, सगळं मजेत असतं. आणि आई उठताना टेबलाला हात टेकते. गेल्या खेपेला टेकत नव्हती. बाबा गाडी चालवायचं टाळतात. मग रात्री जुन्या खोलीत पडल्या पडल्या लॅपटॉपवर गावातल्या घरांच्या किमती बघितल्या जातात. येऊ का परत?

घर आहे, पण कुणासाठी?

२०२० नंतर वर्क फ्रॉम होम आलं आणि हा प्रश्न पहिल्यांदा खराखुरा झाला. आठवड्यातून दोन दिवस ऑफिस, बाकी समुद्रासमोर लॅपटॉप. मस्त ना? पण यात एक मेख आहे. लंडनचा पगार घेऊन येणारा घराला जो भाव देऊ शकतो, तो गावातल्या पगारावर कुणाला देता येत नाही. म्हणजे तुम्ही परत आलात तर काउंटरमागच्या त्या मित्राचं घर आणखी लांब जाणार! शिवाय सेकंड होम आणि हॉलिडे लेटवाले आहेतच. वर्षाचे काही आठवडे दिवे लागणार, बाकी काळोख.

शेजारच्या व्हिटबीत हे फारच झालं. तिथे जून २०२२ मध्ये लोकांनी मतदान घेतलं: नवी घरं फक्त कायम राहणाऱ्यांनाच विकावीत का? मत देणाऱ्यांपैकी ९३ टक्के 'हो' म्हणाले. ते मतदान कुणावर बंधनकारक नव्हतं, पण आवाज पोचला. एप्रिल २०२५ पासून नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिलनं सेकंड होमवर दुप्पट कौन्सिल टॅक्स लावला. त्यानं घरं स्वस्त होतील का, हे कळायला काही वर्षं जातील. पण 'हे गाव आधी राहणाऱ्यांचं, मग येणाऱ्यांचं' एवढं तरी कागदावर आलं.

दर वसंतात इथे आणखी एक मंडळी माहेरी येतात. किटिवेक नावाचे छोटे, देखणे सीगल. हिवाळाभर अटलांटिकवर काढतात आणि मार्चच्या सुमारास किल्ल्याच्या कड्यावर, ग्रँड हॉटेलच्या सज्जांवर त्याच त्याच जागी घरटी बांधायला येतात. ओरडतातही स्वतःचंच नाव, 'किटि-वेक, किटि-वेक'! यांची संख्या घटली म्हणून २०१५ मध्ये ब्रिटनच्या पक्ष्यांच्या रेड लिस्टमध्ये नाव गेलं. गावातल्या काही इमारतींवर मात्र त्यांनी बसू नये म्हणून जाळ्या लावलेल्या दिसतात. टुरिस्ट त्यांचे फोटो काढतात, इमारतवाले वैतागतात आणि पक्षी जाळी नसलेला सज्जा शोधतात.

सोमवारी संध्याकाळी परतीच्या गाडीला पुन्हा गर्दी. सॅकमध्ये आईनं कोंबलेले हॉट क्रॉस बन, टीमसाठी 'रॉक'ची कांडी. मित्राचा मेसेज येतो: 'मेमध्ये येतोयस का? तेव्हा मला बुधवारी सुट्टी आहे.' मेच्या सुरुवातीचा बँक हॉलिडे सोमवारी असतो, म्हणजे बुधवारी भेटायचं तर रजा टाकावी लागणार. पुढच्या महिन्यात तुमच्या क्लायंटनं अशी आठवड्याच्या मधली रजा टाकली, तर वैतागू नका. बहुतेक कुणीतरी काउंटरच्या अलीकडे येऊन त्याच्याबरोबर चिप्स खात असेल!

चौकट : ऑनसाइट असाल आणि स्कार्बरो गाठायचं असेल तर...

● ईस्टर २०२७ मध्ये २८ मार्चला आणि २०२८ मध्ये १६ एप्रिलला आहे. तिकीट आधी काढा आणि रुळांचं काम आहे का ते तपासा.

● लहान मुलं बरोबर असतील तर नॉर्थ बेकडे जा. तिथे १९१२ सालचं पीझम पार्क आहे आणि १९३१ पासून धावणारी चिमुकली रेल्वेही.

● नाटकवेड्यांनी स्टेशनसमोरचं स्टीफन जोसेफ थिएटर चुकवू नये. नाटककार अ‍ॅलन एकबर्न यांचं हे घरचं थिएटर. प्रेक्षक चारी बाजूंनी बसतात.

● शाकाहारी मंडळी, सावधान! यॉर्कशायरमध्ये चिप्ससुद्धा बऱ्याच ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. ऑर्डरच्या आधी विचारा.

● स्वेटर आणि विंडचीटर हवंच. ऊन दिसलं तरी फसू नका!