रुतलेली जीप

माळव्याच्या काळ्या मातीचे गुणगान शेतकऱ्याने करावे आणि तिच्याविषयीची तक्रार गाडीवानाने. उन्हाळ्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात. मृगाच्या दोन सरी कोसळल्या की तीच माती फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. दख्खनच्या काळ्या कातळाची झीज होऊन बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांत पाणी शिरते व ते फुगतात. इंदूर-उज्जैनच्या परिसरात डांबरी रस्ता सोडून शेताच्या वाटेला लागलेली गाडी पावसाळ्यात रुतली, तर ती काही नवलाची वार्ता नव्हे. नवल आहे ते निराळेच. चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोचविणारी जीपच्या जातीची गाडीही अशी रुतते, आणि तिची खरी हानी पुष्कळदा चिखलाने होत नाही, तर तिला बाहेर काढणाऱ्यांच्या घाईने होते. क्वचित माणूसही जिवानिशी जातो. म्हणून हा विषय विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या घरच्या मंडळींनी समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

चार चाकांना शक्ती मिळते म्हणजे चारही चाके सदैव ओढतात, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर चालावे लागते. ते साधावे म्हणून एका अ‍ॅक्सलच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची योजना केलेली असते. ही योजना दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, आणि तिची खोडही तीच. एका चाकाखाली निसरडा चिखल असला तर ते चाक फारसा जोर न घेताच भिरभिरू लागते, आणि कोरड्या जमिनीवरच्या त्याच्या जोडीदारालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. पुढचे डावे आणि मागचे उजवे अशी तिरकी दोन चाके सैल पडली, की ती दोन गरगर फिरतात आणि उरलेली दोन स्वस्थ उभी राहतात! हा दोष टाळण्यासाठी काही गाड्यांत डिफरन्शियलला कुलूप घालण्याची सोय असते. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत भिरभिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लागतो.

चाक जागच्या जागी फिरू लागले की ते गाडी पुढे नेण्याचे सोडून खड्डा खणू लागते. टायरच्या खाचांत चिकणमाती बसते, टायर गुळगुळीत होतो, आणि पाहता पाहता गाडीचे पोट जमिनीला टेकते. अशा वेळी अधिक जोराने इंजिन चालवणे म्हणजे अधिक जोराने खणणे होय. वेगाने फिरणारे चाक एकाएकी एखाद्या दगडावर पकड घेते, तेव्हा तो सगळा धक्का अ‍ॅक्सलवर येऊन तो मोडतो. क्लच जळतो तो वेगळाच. सायलेन्सरच्या नळीचे तोंड चिखलात बुडाले असेल तर इंजिन चालू ठेवून आत बसणे प्राणावर बेतू शकते, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूस वासही नसतो. तेव्हा चाक भिरभिरताच पाय काढावा, इंजिन बंद करावे, सर्वांनी खाली उतरावे आणि गाडीभोवती एक फेरी मारून ती कशावर अडली आहे ते नीट पाहावे.

अमेरिकन सैन्याच्या वाहने सोडविण्याविषयीच्या पुस्तिकांत एक ठोकताळा दिलेला असतो. गाडी चाकांइतकी खोल रुतली असेल तर तिला ओढण्यास तिच्या वजनाइतका जोर लागेल असे समजावे. चिखल मडगार्डापर्यंत पोचला असेल तर वजनाच्या दुप्पट. म्हणजे दोन टनांच्या जीपसाठी दोन किंवा चार टनांचा जोर झाला. एवढा जोर दोराने लावण्यापेक्षा अर्ध्या तासाच्या खणण्याने त्याची गरजच कमी करावी, हे अधिक शहाणपणाचे नाही काय? आमच्या मते फावडे हेच या कामातले पहिले यंत्र होय. चाकांच्या पुढची माती उतरती कापावी, पोटाखालची आणि अ‍ॅक्सलपुढची माती काढावी. ओली चिकणमाती चाकाला चोहोबाजूंनी घट्ट धरते व आत हवा शिरू देत नाही. कडेने खणल्याने ती पकड सुटते. भूमीने गिळलेले रथचक्र कर्ण हातांनी वर उचलू पाहत होता. चाक उचलण्याची त्याची कल्पना योग्यच होती. उणीव होती ती वेळेची आणि जॅकची. मऊ जमिनीवर जॅक मात्र नुसता टेकवू नये, त्याखाली रुंद फळी घालावी, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. चाक उचलले की खालच्या पोकळीत दगड, तुराट्या, पऱ्हाट्या, जे हाताशी असेल ते भरावे. बैलगाडीच्या गाडीवानांना ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती: आधी ओझे उतरवायचे, मग चाकापुढे काट्याकुट्या टाकायच्या, आणि अगदी शेवटी बैलांना हाक द्यायची. (बाभळीच्या फांद्या मात्र बैलगाडीच्या लोखंडी धावेखालीच शोभतात, रबरी टायरखाली नकोत.)

वाळूत रुतलेल्या गाडीचा उपाय थोडा निराळा आहे. राल्फ बॅगनॉल्ड हा इंग्रज सैनिकी अधिकारी १९२० नंतरच्या दशकात मोटारी घेऊन इजिप्त व लिबियाच्या वाळवंटात हिंडला. त्याने चाकांखाली घालण्यासाठी पोलादी पन्हळी बरोबर बाळगल्या, आणि टायरांतील हवा कमी करण्याची युक्ती वापरली. पुढे १९४१ मध्ये वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हवा कमी करण्याचे गणित शाळकरी मुलासही सुटेल. दोन टनांच्या गाडीच्या एका चाकावर सुमारे ५०० किलो, म्हणजे ११०० पौंड भार येतो. टायरात दर चौरस इंचास ३० पौंड हवा असेल तर जमिनीला टेकलेला भाग अदमासे ३७ चौरस इंच भरतो. हवा १५ पौंडांवर आणली तर तो ७३ चौरस इंच होतो. उंटाचा तळवा रुंद का असतो, त्याचे हेच उत्तर. पण अशा मऊ टायरांनी जोरात वळण घेतल्यास टायर रिमवरून निसटतो, आणि सडकेवर वेगाने चालविल्यास तो तापून फुटतो. म्हणून हवा भरण्याचा पंप जवळ नसेल तर ती सोडू नये.

एवढे करूनही गाडी निघाली नाही, तर दुसऱ्या वाहनाने ओढण्याची पाळी येते. येथेच अत्यंत सावध राहिले पाहिजे. दोर गाडीच्या सांगाड्याला पक्क्या बसविलेल्या, त्यासाठीच केलेल्या हुकात अडकवावा. बंपर, स्टिअरिंगचे दांडे किंवा अ‍ॅक्सल यांना बांधल्यास ते वाकतात. मागे ट्रेलर जोडण्याचा जो लोखंडी गोळा असतो त्याला तर दोर कधीच लावू नये. तो सावकाश ओढण्यासाठी केलेला असतो. झटक्याने तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा उडतो. ऑस्ट्रेलियात अशा गोळ्यांनी माणसे दगावली आहेत. त्याचे कारण पाहा. दोन टनांची गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने दोराला झटका देते, तेव्हा तिच्या अंगी सुमारे ७,७०० ज्यूल गतिज ऊर्जा असते. पन्नास किलोच्या मुलाला पाच मजले उंच उचलण्यास जेवढी लागेल तेवढी. ताणलेल्या दोरात यातील मोठा भाग साठतो, आणि दोर वा हूक तुटताच तो एका क्षणात मोकळा होतो. म्हणून साखळीने किंवा तारेच्या दोराने झटका मुळीच देऊ नये. त्यांनी सैलपणा काढून संथपणे ओढावे. झटक्यासाठी ताणला जाणारा नायलॉनचा खास पट्टा मिळतो, आणि त्याची तुटण्याची मर्यादा दोहोंपैकी हलक्या गाडीच्या भारासहित वजनाच्या दोन ते तीन पट असावी. दोरावर मध्यभागी ओले गोणपाट किंवा जाड घोंगडी टाकली तर तुटलेले टोक फार उडत नाही. बघ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट तरी दूर राहावे, आणि ताणलेला दोर कोणीही ओलांडू नये. आपल्याकडे अशा प्रसंगी गाव लोटतो आणि मुले सर्वांत पुढे असतात. त्यांना मागे हटविण्यासाठी एक खमक्या माणूस नेमणे हे दोराइतकेच आवश्यक आहे.

खेड्यात बहुधा ट्रॅक्टरच मदतीला येतो. त्याचा दोर मागच्या खालच्या ड्रॉबारलाच बांधावा. मागच्या अ‍ॅक्सलला किंवा त्याहून उंच बांधला आणि गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो चालकाच्या अंगावर उलटतो, आणि हे इतक्या लवकर घडते की उडी टाकण्यास अवधी राहत नाही.

गाडीलाच विंच असेल तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकातली चल कप्पी उपयोगी पडते. विंचचा दोर झाडाला लावलेल्या कप्पीतून फिरवून परत गाडीला बांधला, तर ओढ जवळजवळ दुप्पट होते व वेग निम्मा होतो. झाडाच्या बुंध्याला तार न आवळता रुंद पट्टा अगदी खाली बांधावा; साल सोलली गेली तर झाड वाळते.

गाडी बाहेर आली की लगेच घरचा रस्ता धरू नये. चाकांच्या आतल्या बाजूस चिखलाचे गोळे राहिले तर वेगात स्टिअरिंग थरथरते. ते धुऊन काढावेत. टायरांत हवा भरावी, ब्रेक दोन-तीनदा हळू दाबून पाहावेत, रेडिएटरच्या जाळीतला चिखल काढावा. गाडी पाण्यात बराच वेळ उभी असेल तर डिफरन्शियलचे तेल तपासावे. ते दुधासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजून बदलावे. आणि शेतात खणलेले खड्डे निघण्यापूर्वी बुजवून टाकावेत, कारण सायंकाळी त्याच वाटेने कोणाची तरी बैलगाडी यायची असते.